वृक्षरुहा की वृक्षादनी? : अपिवनस्पतींच्या पोषणविषयक विचाराचा इतिहास

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ‘वन्दा’ ह्या शब्दाचे जे पर्याय दिलेले आहेत, त्यांत ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ हे दोन शब्द आढळतात. पहिल्याचा अर्थ झाडाला खाणारी, दुसऱ्याचा झाडावर वाढणारी. कोशकाराच्या दृष्टीने हे दोन शब्द समानार्थी आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते समानार्थी नाहीत. आपल्याकडील आंब्याच्या फांदीवर बांडगूळही वाढते आणि आमरही वाढते. बांडगुळाचे शोषक मूळ फांदीच्या सालीतून आत शिरते आणि तिच्या काष्ठातील पाणी व क्षार ओढून घेते. आमराची मुळे सालीला घट्ट बिलगतात, परंतु सालीच्या आत शिरत नाहीत. बांडगूळ वृक्षादनी आहे. आमर केवळ वृक्षरुहा आहे. दुसऱ्या प्रकारच्या वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक सूचीत अशा वाहिनीवंत वनस्पतींच्या ३१,००० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. म्हणजे ज्ञात वाहिनीवंत वनस्पतींपैकी स्थूलमानाने दर दहा जातींमागे एक जाती जमिनीला न टेकता वाढते.

मग ह्या वनस्पती खातात काय? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास तीन शतके लागली. ‘झाडाचा रस’, ‘हवा’, ‘पाऊस’, ‘कुजलेला पाला’, ‘मुंग्यांची विष्ठा’ अशी निरनिराळी उत्तरे क्रमाक्रमाने पुढे आली. त्यांतील पहिले उत्तर चुकीचे ठरले, आणि उरलेली प्रत्येकी काही वनस्पतींच्या बाबतीत खरी ठरली. ह्या उत्तरांचा क्रम कसा लागला आणि त्यातून मूळ प्रश्नाचेच स्वरूप कसे पालटले, हे पाहणे उद्बोधक आहे.

नावांत दडलेली गृहीते

युरोपीय विद्वानांना आशियातील अपिवनस्पतींची पहिली विस्तृत ओळख ज्या ग्रंथांनी करून दिली, त्यांत ‘होर्तुस मलाबारिकुस’ ह्या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेड ह्याने तयार करविलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. इट्टी अच्युतन ह्या मलयाळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट ह्या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी ह्या कामी साहाय्य केले होते, आणि त्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. बाराव्या खंडातील अनेक आमरांना ‘मरवाऴ’ ह्या शब्दाने शेवट होणारी नावे दिलेली आहेत. ह्या मलयाळम शब्दाचा अर्थ ‘झाडावरची केळ’ असा होतो. ह्या लोकनामात वनस्पतीचे स्थान सांगितलेले आहे. तिच्या खाण्याविषयी त्यात काहीच आरोप नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

युरोपातील वाचकांना मात्र झाडावर वाढणारी वनस्पती म्हणजे परोपजीवी वनस्पती असेच वाटे, कारण त्यांच्या परिचयाचे उदाहरण मिसलटोचे, म्हणजे त्यांच्याकडील बांडगुळाचे होते. लिनीअसने १७५३ साली ‘एपिडेंड्रम’, म्हणजे ‘झाडावरचे’, असे प्रजातिनाम योजिले. तरीही एकोणिसाव्या शतकात बराच काळ आमरांना सर्रास परोपजीवी म्हटले जात असे. सर विल्यम जोन्स ह्यांच्या निधनानंतर १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वनस्पतींवरील लेखात ‘वन्दा’ हा संस्कृत शब्द एका आमराला लावलेला आहे, आणि १८२० साली रॉबर्ट ब्राउनने तोच शब्द प्रजातिनाम म्हणून रूढ केला. अशा रीतीने वृक्षादनीचा पर्याय असलेला एक शब्द अशा प्रजातीच्या माथी कायमचा बसला की जी झाडाला मुळीच खात नाही.

ह्याच्या उलट टोकाचे उत्तरही त्याच सुमारास पुढे आले. कोचीनचीनमध्ये दीर्घकाळ राहिलेला पोर्तुगीज जेझुइट लौरैरू ह्याने १७९० साली एका आमर-प्रजातीला ‘एरिडीस’ म्हणजे ‘वायुपुत्र’ असे नाव दिले. ती वनस्पती नुसती हवेत टांगून ठेवली तरी जगते व फुलते, असे त्याने नमूद केले होते. हे उत्तर त्या काळी अगदीच वेडगळ नव्हते, कारण वनस्पती हवेतून अन्नद्रव्य घेतात हे त्याच सुमारास प्रयोगांनी सिद्ध होत होते. परंतु १८०४ साली द सोस्यूरने आणि १८४० नंतर लीबिगने हे स्पष्ट केले की, कार्बन हवेतून येत असला तरी पालाश, स्फुरद, चुना इत्यादी खनिज द्रव्ये वनस्पतीस बाहेरून द्रवरूपात मिळावीच लागतात. ही द्रव्ये वायुरूप नाहीत. ह्या सिद्धान्ताने अपिवनस्पतींचा प्रश्न सुटला नाही; उलट तो अधिक तीव्र झाला. मातीशी ज्यांचा संबंध नाही, त्यांना स्फुरद कोठून मिळावा?

शिंपरचे कार्य

ह्या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीच एका दर्यावर्द्याच्या हाती लागले होते. विल्यम डॅम्पिअरने १६९९ साली प्रसिद्ध केलेल्या कांपेचेच्या प्रवासवर्णनात ‘रानअननसा’चे वर्णन आहे. झाडावर वाढणाऱ्या ह्या वनस्पतीच्या पानांच्या बुडाशी बरेच पाणी साठते. पानांत सुरी खुपसून ते पाणी टोपीत धरून आपण अनेकदा तहान भागविली, असे तो सांगतो, आणि तेच पाणी झाडाच्या पानांना व मुळांना पोसते असेही सुचवितो. पुढे ह्याच अननसकुलातील एका प्रजातीला लिनीअसने ‘टिलँड्झिया’ हे नाव दिले. एलियास टिलँड्झ हा विद्वान समुद्रप्रवासाला भिऊन खुष्कीच्या मार्गाने दूरचा वळसा घालून जाई अशी आख्यायिका होती, आणि ह्या वनस्पतींनाही पाणी सोसत नाही अशी लिनीअसची समजूत होती. वस्तुतः पाणी ग्रहण करण्याच्या बाबतीत ह्या वनस्पतींसारखी सिद्धता क्वचितच आढळते. ती सिद्धता कशी आहे हे दाखविण्याचे श्रेय मुख्यतः अंद्रेआस शिंपर (१८५६-१९०१) ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे आहे.

शिंपरने वेस्ट इंडीज व पुढे ब्राझील येथील अरण्यांत अपिवनस्पतींचे प्रत्यक्ष निरीक्षण केले. वेस्ट इंडीजमधील अभ्यासावरचा त्याचा निबंध १८८४ साली, आणि अमेरिकेतील अपिवनस्पतिसमूहावरचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मोठेपण दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे त्याने ‘ही वनस्पती कोणाचे खाते?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘ती कोणत्या अवयवाने घेते?’ असा प्रश्न विचारला. टाकीसारखी रचना असलेल्या रानअननसांची मुळे काढून टाकून पानांच्या बुडाशी पाणी ठेवले तर वनस्पती टवटवीत राहते; उलट मुळांना पाणी देऊन पानांच्या टाक्या कोरड्या ठेवल्या तर ती कोमेजते, असे त्याने प्रयोगाने दाखविले. अर्थात मुळांचे काम केवळ पकडून ठेवण्याचे होते. पोषणाचे काम पानांवरील सूक्ष्म खवले करीत होते. स्पॅनिश मॉस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टिलँड्झियाला तर वाढलेल्या अवस्थेत मुळे नसतातच. तिचे तंतू फांद्यांवरून लोंबत असतात, आणि सर्व शोषण खवल्यांनीच होते. ह्या खवल्यांची क्रिया कार्ल मेझने १९०४ साली उलगडून दाखविली. कोरडेपणी खवल्यांच्या मृत पेशी चपट्या होऊन मिटतात. पाणी लागताच त्या फुगतात, आणि पाणी खवल्याखाली ओढले जाऊन देठाच्या जिवंत पेशींतून पानात जाते. पाऊस थांबला की मृत पेशी पुन्हा मिटतात व आतले पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शिंपरने अपिवनस्पतींचे पोषणाच्या रीतीवरून चार वर्ग पाडले : सालीवरच्या थोडक्या द्रव्यांवर निभावणाऱ्या, जमिनीपर्यंत मुळे सोडणाऱ्या, घरट्यासारखा पालापाचोळा जमविणाऱ्या, आणि पानांच्या टाकीत पाणी साठविणाऱ्या. ह्या वनस्पतींचे पूर्वज दमट अरण्याच्या जमिनीवर वाढणारे होते, आणि प्रकाशाच्या ओढीने ते वर चढले, असे त्याचे मत होते. प्रकाश मिळाला, पण जमीन सुटली; त्या किंमतीची भरपाई करण्याच्या चार तऱ्हा म्हणजेच हे चार वर्ग होत.

मुळे आणि पाने

आमरांच्या वायवी मुळांवर मृत पेशींचा पांढुरका स्पंजासारखा थर असतो; त्याला वेलामेन म्हणतात. हा थर हवेतील बाष्प शोषून घेतो अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होती. ‘वायुपुत्रा’ची जुनी कल्पनाच येथे नव्या रूपाने आली होती. पुढे द्रवरूप पाण्यावरच हा थर काम करतो हे मान्य झाले. जावातील त्जिबोदस येथील अरण्याच्या अभ्यासावरून फ्रिट्स वेन्टने १९४० साली एक मार्मिक अनुमान मांडले. पावसाची पहिली सर पाने व साल धुऊन खाली येते, तेव्हा तीच क्षारांनी सर्वांत समृद्ध असते. वेलामेनचे खरे काम हे पहिले पाणी चटकन टिपून धरण्याचे असावे. ह्या अनुमानाला प्रयोगाचा पूर्ण आधार २०१३ साली त्सोट्झ व विंक्लर ह्यांच्या संशोधनाने मिळाला. वेलामेन काही सेकंदांत भरते, परंतु वाळण्यास त्याला काही तास लागतात. आणि विद्युद्भारित आयन त्याच्या पेशीभित्तींत धरून ठेवले जातात, असे त्यांना आढळले. सर ओसरल्यावरही मूळ त्या साठ्यातून सावकाश घेत राहू शकते.

ज्यांना पाणी धरून ठेवण्याचे असे साधन नाही, त्यांतील काही जातींनी माती स्वतःच तयार करण्याची रीत पत्करली. सह्याद्रीत झाडांवर व खडकांवर वाढणारा बाशिंग हा नेचा ह्याचे परिचित उदाहरण आहे. त्याला दोन प्रकारची पाने येतात. लांब, हिरवी व विभागलेली पाने अन्न तयार करतात व बीजुके धारण करतात. आखूड, बिनदेठाची पाने लवकरच तपकिरी होतात, पण गळून पडत नाहीत. त्यांच्या व खोडाच्या मध्ये पालापाचोळा, धूळ व सालीचे तुकडे अडकतात, कुजतात, आणि त्या काळ्या मातीत नेच्याची मुळे शिरतात. कार्ल ग्योबेलने १८८९ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाचोळा जमविणाऱ्या अशा पानांचे विवेचन केले. पावसाळा संपल्यावर बाशिंगाची हिरवी पाने झडून जातात, परंतु वाळकी पाने पुढच्या पावसाची वाट पाहत तशीच राहतात. मेलेल्या पानाला पोषणव्यवस्थेत स्थान असू शकते, हा विचार त्या काळी नवा होता.

मुंग्यांचा प्रश्न

सर्वांत प्रदीर्घ वाद मुंग्यांच्या वनस्पतींविषयी झाला. मलाया द्वीपसमूहात व न्यू गिनीत झाडांवर वाढणाऱ्या मिर्मेकोडिया व हिड्नोफायटम ह्या वनस्पतींचे खोड फुगून मोठ्या गाठीसारखे होते. आत बोगद्यांचे जाळे असते आणि त्यात मुंग्या राहतात. अंबॉयना येथील रुम्फिउस ह्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७४१ ते १७५० ह्या काळात प्रसिद्ध झाला. मुंग्यांचे वारूळच उगवून आलेले आहे अशी त्याची समजूत होती. बोगोर, म्हणजे तेव्हाचे बॉयटेनझोर्ख, येथील उद्यानाचा संचालक मेल्खिऑर त्रूब ह्याने १८८३ साली ही समजूत खोडून काढली. मुंग्यांचा संपर्क नसतानाही रोपाच्या खोडात पोकळ्या तयार होतात, हे त्याने दाखविले. मात्र ह्यावरून त्याने मुंग्यांचा वनस्पतीला काही विशेष उपयोग नाही असा जो निष्कर्ष काढला, तो पुढे टिकला नाही. अवयव कसा उत्पन्न होतो आणि तो कशासाठी उपयोगी पडतो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्रूबने पहिल्याचे बरोबर उत्तर दिले आणि त्यालाच दुसऱ्याचेही उत्तर मानले.

१९११ साली ह्यूगो मीहे ह्याला ह्या बोगद्यांत दोन प्रकारच्या भिंती असल्याचे आढळले. गुळगुळीत भिंतींच्या दालनांत मुंग्या पिले वाढवितात. चामखिळीसारखे उंचवटे असलेल्या भिंतींवर त्या विष्ठा व केरकचरा टाकतात. म्हणजे ज्या भिंती शोषणक्षम दिसतात, तेथेच खत पडते. तथापि ते खत वनस्पतीच्या अंगी लागते हे सिद्ध करण्यास किरणोत्सर्गी द्रव्यांचे साधन हाती यावे लागले. १९७० नंतरच्या दशकात कॅमिला हक्सली व फ्रेड रिक्सन ह्यांनी मुंग्यांना असे अंकित अन्न देऊन त्यातील द्रव्ये वनस्पतीच्या ऊतकांत पोहोचतात हे दाखविले. १९९५ साली सारावाकमधील डिस्किडिया मेजर ह्या वेलीवर ट्रेसेडर, डेव्हिडसन व एलरिंगर ह्यांनी केलेले संशोधन त्याहून पुढे गेले. ह्या वेलीच्या पिशवीसारख्या पानांत मुंग्या राहतात. समस्थानिकांच्या प्रमाणावरून असे निष्पन्न झाले की, त्या पानांतील सुमारे ३९ टक्के कार्बन मुंग्यांच्या श्वसनातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून, आणि सुमारे २९ टक्के नायट्रोजन त्यांनी साठविलेल्या कचऱ्यातून आलेला होता. २०१६ साली गीयोम शोमिकी व झुझाने रेनर ह्यांनी फिजी बेटांवरून अशी माहिती प्रसिद्ध केली की, तेथील एक मुंगी स्क्वामेलारिया ह्या अपिवनस्पतीच्या सहा जातींची बीजे सालीच्या फटींत स्वतः पेरते, रोपांना विष्ठेचे खत घालते आणि पुढे त्यांतच राहते. रुम्फिउसची कल्पना शब्दशः चुकीची होती. परंतु मुंग्या व वनस्पती ह्यांचा निवाडा एकत्रच करावा लागतो, ही तिच्यातील जाणीव वाया गेली नाही.

टाकीतील पाणी आणि त्रिनिदादचा हिवताप

रानअननसाच्या टाकीत नुसते पाणी नसते. कोस्टा रिकाचा जीवशास्त्रज्ञ क्लोदोमीरो पिकादो ह्याने १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ह्या टाक्यांचा स्वतंत्र जीवसृष्टी म्हणून अभ्यास केला. त्यांत पडलेला पाला, कीटक व त्यांची विष्ठा ह्यांचे विघटन होते, आणि त्यातून सुटणारी द्रव्ये वनस्पती शोषून घेते, म्हणूनच ते पाणी सहसा सडत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. अरण्याच्या माथ्यावर हजारो छोट्या डबक्यांची एक दलदलच पसरलेली असते, हे चित्र त्याच्यामुळे शास्त्रज्ञांसमोर आले.

ह्या ज्ञानाचा मनुष्याच्या आरोग्याशी थेट संबंध आहे, हे त्रिनिदादमध्ये दिसून आले. तेथील कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी पांगाऱ्याच्या प्रजातीतील उंच झाडे लावीत असत. ह्या झाडांवर रानअननसांची दाट वाढ होई, आणि त्यांच्या टाक्यांत ॲनॉफिलीस बेलाटर ह्या डासाची पैदास होई. जमिनीवरची डबकी बुजवून तेथील हिवताप हटत नव्हता, कारण डबकी डोक्यावर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेन्ड्रिघ ह्याने तेथे ह्या प्रश्नाचा अभ्यास केला, आणि १९४८ साली तेथील रानअननसांचे पोषणपद्धतीनुसार चार प्रकार मांडले : जमिनीतून मुळांनी घेणारे, टाकी असून मुळांनी घेणारे, टाकीतून खवल्यांनी घेणारे, आणि टाकी नसून सर्वांगावरील खवल्यांनी पाऊस टिपणारे. झाडांवरील रानअननस हातांनी काढून टाकण्याबरोबरच मोरचुदाच्या द्रावणाची फवारणी हा उपाय योजण्यात आला. मोरचूद खवल्यांवाटे आत जाऊन ह्या वनस्पतींना मारतो. म्हणजे ज्या द्वाराने त्यांचे पोषण होई, त्याच द्वाराने त्यांचा नाश झाला. शिंपर व मेझ ह्यांचे केवळ शास्त्रीय कुतूहलातून निर्माण झालेले ज्ञान येथे हिवतापाच्या नियंत्रणाचे कारण समजावून देते.

रोपावस्था

आतापर्यंतचे विवेचन वाढलेल्या वनस्पतींविषयी झाले. बीज रुजताना मात्र टाकी, पाचोळा किंवा मुळे ह्यांपैकी काहीच तयार नसते. आमरांचे बीज तर धुळीसारखे सूक्ष्म असून त्यात साठविलेले अन्न जवळजवळ नसते. १८९९ साली नोएल बेर्नार ह्याने असे दाखविले की, आमराच्या रुजणाऱ्या बीजात एक कवक शिरलेले असते आणि त्याच्यावाचून निसर्गात बीज वाढू शकत नाही. हान्स बुर्गेफने हे संशोधन पुढे नेले. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसनने शर्करायुक्त माध्यमावर कवकावाचूनही आमराचे बीज रुजवून दाखविले. म्हणजे कवकाचे कार्य रोपाला तयार अन्न पुरविण्याचे आहे, ह्या मताला मोठा आधार मिळाला. आमरांच्या व्यापारी लागवडीचा पाया ह्याच शोधाने घातला गेला. झाडाला न खाणारी ही वनस्पती बाल्यावस्थेत कवकाला खाऊन जगते, असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होणार नाही.

देणे-घेणे

ह्या सर्व संशोधनानंतर ‘अपिवनस्पती आश्रयवृक्षाचे काहीच घेत नाही’ असे विधान पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. तेही पूर्ण सत्य नाही. पावसाचे पाणी पानांवरून व सालीवरून ओघळताना वृक्षाच्या अंगातील पालाशादी द्रव्ये धुऊन आणते, आणि एरवी ती जमिनीत पडून वृक्षाच्या मुळांना परत मिळाली असती. अपिवनस्पती ती वाटेतच अडविते. १९७८ साली डेव्हिड बेंझिंग व सीमन ह्यांनी ह्या व्यवहाराला पोषणातील चाचेगिरी असे नाव दिले आणि वृक्षांच्या ऱ्हासाशी त्याचा संबंध सुचविला. चोरी घरात शिरून होत नाही, पण वाटेवर होते.

उलट बाजूने, १९९५ साली स्ट्यूअर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षावनांतील अपिवनस्पतींतील नायट्रोजनाच्या समस्थानिकांचे मापन केले. पुष्कळ अपिवनस्पतींतील जड नायट्रोजनाचे प्रमाण आश्रयवृक्षांपेक्षा कमी आढळले. ह्याचा अर्थ असा की, त्यांचा नायट्रोजन बव्हंशी जमिनीतील साठ्यातून नव्हे, तर वातावरणातून पावसाबरोबर येणाऱ्या पुरवठ्यातून मिळतो. अशा रीतीने हवेतून व पावसातून आलेली द्रव्ये झाडांच्या माथ्यावर धरली जातात; मेलेल्या अपिवनस्पती कुजून फांद्यांवर मातीचा थर साचतो; आणि अरण्याची एक दुसरी जमीन वरच्या वर तयार होते.

ह्या दुसऱ्या जमिनीकडे वृक्ष उदासीन राहत नाहीत. १९८१ साली नलिनी नाडकर्णी ह्यांनी समशीतोष्ण व उष्ण कटिबंधातील वर्षावनांतील निरीक्षणांवरून असे दाखविले की, काही वृक्ष आपल्याच फांद्यांतून आगंतुक मुळे फोडतात आणि ती अपिवनस्पतींच्या थराखालील मातीत पसरवून तेथील पाणी व पोषक द्रव्ये मिळवितात. ज्याच्या अंगावर वनस्पती वाढते, तोच तिच्या साठ्यातून घेतो. येथे ‘अदनी’ कोण आणि ‘रुहा’ कोण, हे ठरविणे अवघड होते.

ह्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘झाडावर वाढते’ ह्या निरीक्षणावरून ‘झाडाला खाते’ हा निष्कर्ष काढणे सोपे होते, आणि तो निष्कर्ष नावांत एकदा रुजल्यावर त्याला हलविणे कठीण गेले. प्रगती झाली ती शोषणाचे प्रत्यक्ष स्थान शोधणाऱ्यांमुळे. कोणी पानाच्या खवल्यावर बोट ठेवले, कोणी मुळाच्या मृत थरावर, तर कोणी बोगद्याच्या खरबरीत भिंतीवर. आजही बागाईतदार आंब्याची साफसफाई करताना बांडगुळाबरोबर आमरे व नेचेही ओरबाडून काढतात. बांडगूळ वेळीच काढलेच पाहिजे, कारण ते फांदीचे पाणी पळविते. परंतु उरलेल्या वनस्पती काढून टाकण्यापूर्वी त्यांची मुळे सालीच्या आत शिरलेली आहेत की वरच पसरलेली आहेत, एवढे पाहण्याचे कष्ट कोणालाही घेता येतील. अमरकोशात एकाच पंक्तीला बसलेले ते दोन शब्द वेगळे करण्यास ह्याहून अधिक साधनाची गरज नाही.